त्रेसष्ट नंबरचं शेवटचं पान

सोमवार, २८ जुलै २००८

आज हेडसरांनी एक गंजकी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हिरालालजी, तुम्ही मराठीचे. ग्रंथालय आता तुमच्याकडे." एकोणीस वर्षं मी या शाळेत मराठी शिकवतो आहे. शाळेला ग्रंथालय आहे हे मला आज कळलं!

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आड एक लोखंडी कपाट निघालं. शिपाई सेवकरामने कुलपात खोबरेल तेल सोडून अर्धा तास खटपट केली. एकशे चाळीस पुस्तकं. प्रत्येकावर शाळेचा शिक्का आणि नंबर. मागच्या खिशातली कार्डं कोरीच्या कोरी, एकावरही कुण्या पोराचं नाव नाही. इतक्या वर्षांत एकही पुस्तक कपाटाबाहेर पडलेलं नाही, हे पाहून मी हादरलोच. सेवकराम मात्र शांतपणे म्हणाला, "साहेब, किल्लीच नव्हती तं कोण काढन?"

हेडसरांनी खरी गोष्ट नंतर सांगितली. 'विद्यार्थ्यांत वाचनाची गोडी' हा संस्थेचा यंदाचा उपक्रम. ऑक्टोबरात सचिवसाहेब पाहणीला येणार. आणि संस्थेच्या फुलचूरच्या शाळेत मराठीची जागा रिकामी होते आहे. आठ वर्षं मी फुलचूरसाठी अर्ज करतो आहे. गोंदिया शेजारी, बायकोचा, अल्काचा भाऊ तिथेच, मुलगी रंजिता माझ्याच शाळेत नववीत, पुढल्या वर्षी तिला चांगल्या शिकवण्या मिळतील. या दरेकशाच्या जंगलात काय आहे? दिवसातून दोन पॅसेंजर आणि कोणी चहाला बोलावलं तर मोहाच्या गप्पा.

पोरांना वाचायला लावायचंच. मी मनावर घेतलं की घेतलं.

शनिवार, २ ऑगस्ट

धानाच्या रोवणीचे दिवस, नववीत निम्मीच हजेरी. तरी योजना सुरू केली. विचारलं, "अभ्यासाचं सोडून एखादं पुस्तक कोणी वाचलं आहे?"

दोन हात वर. पहिला अश्विनचा. त्याने वाचलेलं पुस्तक म्हणजे गणिताची गाईड. दुसरा हात हर्षाचा. ही स्टेशनजवळच्या बौद्ध टोलीतली, त्या वस्तीतल्या देवानंद मजुराची मुलगी. तीन वर्षं माझ्या वर्गात आहे, पण तिचा आवाज मी बहुधा हजेरीपुरताच ऐकला असेन.

"किराण्याच्या पुड्याचे कागद वाचतो जी सर. कधी कधी गोष्ट निघते. पण अर्धीच राहते. शेवट दुसऱ्याच कोणाच्या पुड्यात जाते."

वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. मुली साखरेच्या पुड्या वाचतात, आणि मी इथे एकोणीस वर्षं अलंकार शिकवतो आहे! लाज वाटली, खरंच वाटली. लगेच पुस्तकं वाटली. हर्षाला दोन हवी होती. नियम म्हणजे नियम, एकच दिलं.

नियम असा: आठवड्याला एक पुस्तक. शनिवारी शेवटच्या तासाला उभं राहून सांगायचं, शेवट काय झाला आणि त्यातून बोध काय घ्यायचा. सांगितलं की रजिस्टरवर बरोबरची खूण.

शनिवार, ९ ऑगस्ट

एक अडचण होती. पोरांनी सांगितलेला शेवट बरोबर की चूक, हे मला कळणार कसं? एकशे चाळीस पुस्तकं वाचत बसलो तर पेपर कोण तपासणार? पण युक्ती सुचली. तासाआधी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं पाहून घेतो. दहा मिनिटांत काम होतं.

आज अकरा जणांनी सांगितलं. अगदी बिनचूक.

शनिवार, ३० ऑगस्ट

चौऱ्याऐंशी! चार आठवड्यांत चौऱ्याऐंशी पुस्तकं वाचून झाली! माझा स्वतःच्या रजिस्टरवर विश्वास बसेना, तीनदा मोजलं. अश्विनने तर एकही आठवडा न चुकता चार फस्त केली. सोमवारी घेतो, शनिवारी शेवट तोंडपाठ. जो पोरगा धडा वाचताना तीनदा अडतो तो एवढा वाचणारा निघेल असं कोणाला वाटलं असतं? हेडसरांनी खोलीत बोलावून चहा पाजला. फुलचूरचा विषय त्यांनीच काढला.

घरी आलो तर रंजिता जेवणाच्या ताटासमोर पुस्तक उघडून बसलेली. भात थंड झालेला, हिचं लक्ष नाही. मी ते ओढून घेतलं. म्हटलं, वाचायचं असेल तर विज्ञान वाच, गोष्टींनी टक्के वाढत नाहीत. ती थंड भात कालवायला लागली. अल्का माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत होती, कशाला ते कळलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज माझा अपमान झाला. हर्षाला उभं केलं. सहा आठवड्यांत हिच्या नावापुढे तीनच खुणा, एक पुस्तक पंधरा पंधरा दिवस ठेवून घेते. म्हटलं, सांग शेवट.

"मी नाही सांगत जी सर."

"काऊन?" चिडलो की मीही झाडीबोलीवर उतरतो.

"मी सांगतलं तं बाकीच्यांईनं मंग काय वाचाचं?"

चाळीस पोरांसमोर! इतकी गरीब दिसणारी पोरगी, आणि हा उद्धटपणा. खूण दिली नाही. वरून अश्विनला उभं करून त्याच पुस्तकाचा शेवट सांगायला लावला, तिच्या देखत. ती कानावर हात ठेवून बसली होती. हट्टीपणाची हद्द.

शनिवार, २० सप्टेंबर

अश्विन तक्रार घेऊन आला. "सर, या पुस्तकाले शेवटचं पानच नाही. आता कसं वाचू?"

आधी उंदरांवर संशय गेला. मग नीट पाहिलं. पान पट्टी लावून, सरळ रेघेत काढलेलं आहे. उंदीर पट्टी लावत नाहीत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज परत आलेली सगळी पुस्तकं एकेक करून तपासली. अकरा पुस्तकांची शेवटची पानं गायब. एकही अक्षर इकडे तिकडे फाटलेलं नाही, फक्त शेवटचं पान. माझ्या योजनेवर कोणीतरी पद्धतशीर सुरी चालवतं आहे. सचिवसाहेब सात तारखेला येतात. गेल्या शनिवारी सहाच पोरांनी शेवट सांगितला, बाकीची म्हणतात पान नाही. कोणाचं काय वाकडं केलं मी?

सोमवार, २९ सप्टेंबर

सापडली. हर्षा.

सेवकरामला घेऊन नववीची दप्तरं तपासली. तो उगाच रेंगाळत होता, "राहू द्या ना साहेब, पोरं हायेत" म्हणत होता. हर्षाच्या दप्तरात बिस्किटाचा चपटा डबा. डब्यात पानं, एकावर एक, चुरगळलेली नाहीत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने पुस्तकाचा नंबर. दहा पानं. अकरावं, त्रेसष्ट नंबरचं, नाही. सोबत एक बारीकशी वही होती, ती मी टेबलाच्या खणात फेकली.

"अकरावं पान कुठे आहे?"

गप्प.

"कोणाला दिलं? नाव सांग."

मान खाली, पण डोळ्यांत पाणी नाही. मी इतका ओरडलो की बाजूच्या वर्गातले गुरुजी येऊन पाहून गेले. नाव काही सांगितलं नाही तिने.

वर्गातून निघताना रंजिताकडे लक्ष गेलं. चेहरा पांढरा पडला होता पोरीचा. बापाचा राग तिला सोसत नाही, लहानपणापासून तशीच आहे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

प्रार्थनेच्या वेळी हर्षाला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. दहाही पानं हातात धरून वर करायला लावली. म्हटलं, विद्येचा अपमान करणारे असे दिसतात. तिच्या बापाला बोलावलं होतं, तो फाटकापाशी येऊन उभा होता.

मला वाटलं होतं, देवानंद हातापाया पडेल, नाहीतर भांडेल. दोन्हींची तयारी ठेवली होती. तो तिच्या हातातल्या पानांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे हिनं फाडलं? पुस्तक फाडलं?"

हर्षाने मान हलवली.

"ज्या घरी बाबासाहेबाचा फोटो हाये त्या घरची पोरगी पुस्तक फाडते?" त्याचा आवाज चिरकला. माझ्याकडे वळून हात जोडले. "सर, हिचं नाव काटून टाका जी. पुस्तक फाडणारीले शाळा कायले पाहिजे?"

मी म्हटलं, अहो, एवढं नाही, दोन दिवस घरी ठेवा. त्याने ऐकलं नाही. तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि पुढे चालू लागला. ती मागे. वळून पाहिलं नाही तिने.

मला शिक्षा करायची होती. पण इतकी नव्हती करायची. दुपारचा डबा तसाच परत आणला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

जे घडलं ते लिहून ठेवतो.

सचिवसाहेब आले. वयस्क माणूस, पांढरा सदरा, बोलणं हळू. मी रजिस्टर पुढे केलं: दोनशे बारा पुस्तकं. हेडसर छाती काढून उभे. साहेबांनी अश्विनच्या नावापुढच्या खुणा पाहिल्या, कपाटातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाले, "वा. बाळ, या गोष्टीची सुरुवात सांग बरं."

सुरुवात!

अश्विन उभा. नुसता पुस्तकाकडे पाहतो आहे. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळा वर्ग जमिनीकडे पाहतो आहे. अश्विन हळूच म्हणाला, "साहेब, एकोणतीस नंबरची सांगू का? ते येते मले." मी डोळे वटारून त्याला खाली बसवलं. विचारलेलं सोडून भलतंच काय सांगतो?

मग साहेब माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा. कशी सुरू होते ही?"

मी म्हटलं, "साहेब, तशी पुस्तकं पुष्कळ आहेत, सगळी लक्षात..."

"बरं, दुसरी कोणतीही सांगा. तुम्हाला आवडलेली."

दोनशे बारा खुणांखाली माझी सही आहे, आणि मला एकही सुरुवात येईना. साहेबांनी रजिस्टर मिटलं, माझ्या हातात दिलं आणि चहा न घेता गेले. फुलचूर संपलं. हेडसर नंतर माझ्याशी बोललेच नाहीत. आणि हे सगळं रंजिताच्या देखत झालं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सेवकराम पानं चिकटवायला डिंक मागायला आला, म्हणून खण उघडला. ती बारीक वही हाताला लागली. पहिल्या पानावर हर्षाचं अक्षर. जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"नियम. ज्यानं पूर्ण वाचलं त्यालेच पान भेटन. पहिले तिथवर गोष्ट सांगाची. शेवट कोणाले सांगाचा नाही. पान वापस आणून द्याचं. परीक्षा झाल्यावर सगळे पानं चिकटवून द्याचे. शनिवारी सर सगळ्याईले शेवट सांगायले लावतात, मंग वाचायले काहीच उरत नाही, म्हणून."

मी नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले.

आत नोंदी. एकोणीस. माझ्या दोनशे बारा, तिच्या एकोणीस. "२९, अश्विन. गोष्ट सांगता नाही आली. पान नाही दिलं." आणि खाली आठ दिवसांनी, "अश्विन पुन्हा आला. पूर्ण. रडला." अश्विन! रडला! मी त्याला काल खाली बसवलं.

"४१, सेवकराम काका. पूर्ण."

मी मान वर केली. सेवकराम डिंकाची बाटली धरून समोर उभा. "तू पण?"

"तुमी साफ कराले लावलं होतं ना कपाट साहेब. पुसता पुसता वाचाले लागलो. हर्षाले कपाट मीच उघडून देत होतो." मग खालच्या आवाजात, "त्या दिवशी बोलाले पाहिजे होतं मले. नोकरीचा माणूस, नाही बोललो."

आणि शेवटची नोंद. "६३, रंजिता. पूर्ण. पान तिच्याजवळ हाये."

माझी रंजिता.

घरी गेलो, वही तिच्यासमोर ठेवली. तिने भूगोलाच्या नकाशाच्या आतून पान काढलं आणि हुंदके देऊन रडली. म्हणाली, "तिनं माझं नाव नाही सांगितलं पप्पा. मी पण नाही बोलले. तुमची भीती वाटली." मारायला हात उचलण्याची माझी सवय आहे, पण आज हात उचलावासाच वाटला नाही. काय म्हणून उचलणार?

अल्काही आतून आली. त्रेसष्ट नंबर तिनेही वाचलं आहे, दुपारच्या लोडशेडिंगमध्ये, दोनदा. रंजिताला तिथवर गोष्ट सांगून पानही मिळवलं आहे. घरातली सगळी माणसं वाचत होती आणि मला पत्ता नाही!

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दसरा

सकाळीच देवानंदच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळी टोली रात्रीच्या गाडीने नागपूरला गेली, दीक्षाभूमीला. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. हर्षाची मावशी नागपूरला घरकामं करते. देवानंदने पोरीला तिच्या हाताखाली कामाला पाठवायचं ठरवलं आहे.

तिथेच ठेवून आला तर? सोनं वाटायला आलेल्यांशी दिवसभर धड बोललो नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आले. हर्षाही आली. पण पुढल्या रविवारी, एकोणीस तारखेला मावशी येऊन घेऊन जाणार.

देवानंद विळ्याला धार लावत घरापुढच्या ओसरीवर, सपरीवर बसला होता. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी लागली आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली फळीवर आठ-दहा पुस्तकं, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर. एक नवंकोरं, कालच आणलेलं.

"दर साली दीक्षाभूमीवरून एक आणतो जी," तो म्हणाला. "मी चौथी शिकलो. एक पान वाचाले मले घंटा लागते. पण जपून ठेवतो. हिनं वाचावं म्हणून. अन् हिनं पुस्तक फाडलं."

मी वही त्याला वाचून दाखवली. नियम, नोंदी, सगळं. सांगितलं की चूक माझी आहे, मी मुलांना शेवटाच्या मागे लावलं, तिने पुस्तकं वाचवली. हर्षा आतल्या दारात उभी होती. तिची आई रुख्मा चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती.

देवानंदने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "सर, तुमी यातलं एखांदं वाचलं काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण हर्षा पाहत होती. "नाही," मी म्हटलं.

"एकबी नाही?"

"एकही नाही."

तो इतका दचकला की विळा खाली ठेवला. मराठीचा मास्तर! त्याच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता, विश्वास उडाल्यासारखं काहीतरी होतं. "मंग तुमाले कसं समजन जी, हिनं काय फाडलं अन् काय वाचवलं?" म्हणाला. "पहिले वाचा. मंग या." आणि कापणीला निघून गेला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

रंजिताला म्हटलं, त्रेसष्ट नंबर दे, आणि ते पानही दे.

"पुस्तक घ्या. पान नाही देणार." माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली! "पूर्ण वाचा, मग गोष्ट सांगा. ती पण मला नाही, हर्षाला. नियम तिचा आहे." अल्का तोंडाला पदर लावून हसत होती. तिला म्हटलं, तू तरी सांग, म्हैस मिळते का? कारण रंजिताच्या बोलण्यात म्हैस आली होती. ती म्हणाली, "मी नाही सांगत जी सर."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

वाचलं. एकशे अठरा पानं. पहिल्या दिवशी सातव्या पानावर झोप लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत उघडलं आणि घंटा झाली ती ऐकूच आली नाही. सेवकराम येऊन हलवून गेला. आज दुपारी घरी कोणी नव्हतं. गॅसवर वरण ठेवलं होतं, जळून कोळसा झालं, घरभर धूर, आणि मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेलो.

साधीच गोष्ट. एका विधवा बाईची म्हैस हरवते. ती तिला शोधत गावोगाव फिरते. प्रत्येक गावात कोणी म्हणतं इथून गेली, कोणी म्हणतं मेली, कोणी म्हणतं आमचीच घे. शेवटी एका अनोळखी गोठ्याबाहेर, अंधारात, तिला तीच घंटा ऐकू येते. ती कवाडावर हात ठेवते.

आणि पुढचं पान नाही!

मी उठून उभाच राहिलो. पुस्तक उलटं करून झटकलं, जसं काही ते पान कुठे अडकलं असेल. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी. एका म्हशीसाठी ओसरीवर येरझारा घालत होतो. म्हणजे हे असं असतं? आणि हे मी पोरांना शनिवारी, बोधासकट, दोन वाक्यांत सांगायला लावत होतो? काय करून बसलो मी!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर गेलो. मावशी आलेलीच होती, दोन दिवस आधी. सपरीवर हर्षाची पिशवी बांधून ठेवलेली.

देवानंद म्हणाला, "वाचलं काय जी?"

"वाचलं. हर्षाला सांगायला आलो आहे. नियम आहे तिचा."

हर्षा बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली. मी सांगायला लागलो. सुरुवातीला वर्गात सांगतो तसंच सांगत होतो. मग बाई पहिल्या गावात पोचली आणि मी विसरलो कुठे बसलो आहे ते. रुख्मा चुलीवरचा भाताचा गंज उतरवून येऊन बसली. मावशी बसली. तिसऱ्या गावातल्या सावकाराने खोटी म्हैस दाखवली तेव्हा देवानंदच मध्ये बोलला, "तिची नसन ते. आपल्या जनावराले बाई अंधारात ओळखते." एक गाव मी विसरलो, तेवढं हर्षाने हळूच जोडलं. महिन्याहून जास्त दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला.

गोठा आला. घंटा वाजली. बाईने कवाडावर हात ठेवला. मी थांबलो.

"मंग?" देवानंद म्हणाला.

"पुढचं पान नाही माझ्याकडे."

"अरे, पण म्हैस तिचीच होती काय? उघडलं काय कवाड?" तो पुढे सरकला होता. मी खांदे उडवले. मग तो पोरीकडे वळला. "हर्षा, तुले तं मालूम असन. सांग."

हर्षा बापाकडे पाहत राहिली. माझ्याकडे नाही, मावशीकडे नाही, बापाकडे.

"असं नाही सांगत बाबा. पहिले पूर्ण वाचाचं. शाळेतून पुस्तक आणून देतो तुमाले."

मावशीने पिशवीवरचा हात काढला. देवानंदने फळीवरच्या कव्हर घातलेल्या पुस्तकांकडे पाहिलं, मग खाली विळ्याकडे, मग पोरीकडे. मला वाटलं, आता ओरडतो.

"मले किती दिवस लागतील मालूम हाये ना?" तो म्हणाला.

"लागू द्या ना."

"मंग जा उद्या," तो म्हणाला. "आण."

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळच्या शाळेत, प्रार्थनेच्या वेळी, ती जिथे उभी होती तिथेच मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. हेडसर वर पाहत होते. अश्विनने टाळी वाजवली, त्याला कोणीतरी चिमटा काढला.

रजिस्टर सेवकरामला दिलं, कपाटावर ठेवून दे म्हटलं. शेवटच्या तासाला कोणी उभं राहिलं नाही. पोरं नुसती वाचत बसली, काही झोपली, झोपू दिलं.

सुटल्यावर हर्षाकडे गेलो. त्रेसष्ट नंबर तिच्या दप्तरात, पान रंजिताने परत केलेलं, डब्यात. म्हटलं, "काल गोष्ट सांगितली ना मी पूर्ण? दे आता पान."

तिने मी परत केलेली वही उघडून माझं नाव लिहिलं. "६३, हिरालाल सर. एक गाव विसरले. पूर्ण." मग डबा बंद करून दप्तरात ठेवला.

"देतो जी सर. पण पहिले बाबाचा नंबर हाये. पुस्तक त्याईच्याजवळ हाये तोवर पान डब्यातच राहू द्या."

देवानंदला एका पानाला एक तास लागतो. एकशे अठरा पानं आहेत, आणि कापणी सुरू आहे. दिवाळी होऊन जाईल. अल्काला आज पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हटलं.